होडी बांधल्यानंतरचा तवक्कुल

खाडीकाठची

तवक्कुल, म्हणजे अल्लाहवर पूर्ण भिस्त ठेवणे, हा विषय निघाला की आपल्याकडे उंटाची गोष्ट हमखास सांगितली जाते. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की उंट मोकळा सोडून अल्लाहवर भिस्त ठेवू की बांधून ठेवू, आणि त्यांनी उत्तर दिले, ‘आधी बांध, मग भिस्त ठेव.’ जुम्म्याच्या बयानात, मदरशात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. प्रयत्नही करायचे आणि श्रद्धाही ठेवायची, एवढे समजले की ऐकणाऱ्याचे समाधान होते आणि विषय तिथेच संपतो. माझ्या मते तो तिथून पुढे सुरू होतो, कारण बांधलेला उंटही कधीकधी चोरीला जातो. रिकाम्या खुंट्यापाशी सकाळी उभ्या राहिलेल्या त्या माणसाच्या मनात काय असावे, याविषयी आपण फार कमी बोलतो.

हे मला वाचून सुचलेले नाही. माझे वडील श्रीवर्धनच्या पट्ट्यातले तांडेल, म्हणजे मासेमारीची होडी चालवणारे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, म्हणून २०२० सालीही त्यांनी नेहमीप्रमाणे होडी वर ओढून घेतली होती, झापांनी शाकारली होती आणि वादळाचा इशारा आल्यावर नेहमीच्या एका दोराऐवजी दोन जाड दोर लावून ती बांधली होती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. दोर तुटले नाहीत, गाठीही सुटल्या नाहीत. शेजारचा माड उन्मळून होडीवर आडवा पडला आणि तिचे मधोमध दोन तुकडे झाले. वडिलांनी ते पाहिले, ‘हस्बुनल्लाहु व निअमल वकील’ एवढे म्हटले आणि घरी येऊन बसले. त्यानंतर आठ दिवस ते जवळजवळ काहीच बोलले नाहीत. नवव्या दिवशी पंचनाम्यासाठी लागणारी कागदपत्रे शोधायला त्यांनी पत्र्याची पेटी उघडली.

त्या आठ दिवसांत मी अस्वस्थ होते. तोंडाने ‘अल्लाह आम्हांला पुरेसा आहे आणि तो किती उत्तम वकील आहे’ म्हणणारा माणूस इतका खचतो, तर त्याची भिस्त खरी होती का, असा प्रश्न मला पडला होता, आणि आज त्या प्रश्नाची मला लाज वाटते. नंतर कुरआनातली तवक्कुलची स्थळे संदर्भासह वाचू लागले, तेव्हा लक्षात आले की त्यांतली काही सर्वांत ठळक वचने पराभवाच्या आणि ताटातुटीच्या प्रसंगांत आलेली आहेत.

‘आणि तू निश्चय केलास की अल्लाहवर भिस्त ठेव’ हे कुरआनच्या सूरह (अध्याय) आले इमरानमधील १५९वे वचन घ्या. ते उहुदच्या लढाईनंतरचे आहे. इ.स. ६२५ मध्ये मक्केची फौज मदिनेवर चालून आली तेव्हा प्रेषितांचा (स.) स्वतःचा कल शहरात राहून बचाव करण्याकडे होता, परंतु सल्लामसलतीत बाहेर पडून लढण्याच्या बाजूने मत पडले आणि त्यांनी ते मानले. त्या दिवशी त्यांनी अंगावर दोन चिलखते घातली होती. मागची बाजू सांभाळण्यासाठी टेकडीवर ५० तिरंदाज उभे केले होते आणि काहीही झाले तरी जागा सोडू नका, असे त्यांना बजावले होते. थोडक्यात, उंट पक्का बांधलेला होता. तरीही लढाई जिंकल्यासारखी दिसताच बहुतेक तिरंदाज खाली उतरले, मागून हल्ला झाला, सुमारे ७० मुसलमान शहीद झाले, त्यांत प्रेषितांचे चुलते हजरत हमजा (रजि.) होते, आणि प्रेषित स्वतः जखमी झाले. एवढे सगळे होऊन गेल्यावर हे वचन सांगते की या लोकांना क्षमा कर, त्यांच्यासाठी क्षमायाचना कर, कामकाजात पुन्हा त्यांचा सल्ला घे आणि मग निश्चय झाला की भिस्त ठेव. ज्या सल्ल्याचा शेवट असा झाला तो सल्ला यापुढे घेऊ नकोस, असे त्यात म्हटलेले नाही. मला या क्रमाचे फार महत्त्व वाटते. निश्चयाच्या आधी विचार, सल्ला आणि तयारी हे सगळे माणसाचे. भिस्त निश्चयानंतरची, आणि परिणाम विपरीत आला तरी पुढच्या निश्चयाच्या वेळी तीच भिस्त पुन्हा ठेवायची.

शब्दाविषयीही थोडे लिहिते. तवक्कुल आणि वकील हे एकाच अरबी धातूचे शब्द आहेत. पेशवाईच्या कागदपत्रांत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात आपल्या धन्याची बाजू मांडणारा प्रतिनिधी, आज आपण कोर्टात उभा राहणाऱ्याला वकील म्हणतो, आणि ‘अल-वकील’ हे अल्लाहच्या नावांपैकी एक आहे. मध्ययुगीन विद्वान इमाम गझाली यांनी ‘इह्या’ या आपल्या ग्रंथात तवक्कुल समजावताना हेच उदाहरण घेतले आहे. खोट्या दाव्यात अडकलेला माणूस आपले प्रकरण कोणाच्या हाती मनापासून सोपवेल? ज्याला खाचाखोचा कळतात, ज्याच्यात सत्य उघड मांडण्याची ताकद आणि वाणी आहे आणि ज्याला या माणसाविषयी कळकळ आहे, त्याच्याच हाती. यांतली एक जरी गोष्ट कमी असल्याची शंका आली तरी मन पूर्ण निश्चिंत होत नाही. पुढे ते म्हणतात की वकिलाने मागितलेली कागदपत्रे आणून देणे किंवा त्याने सांगितलेल्या दिवशी हजर राहणे यामुळे त्याच्यावरची भिस्त उणी होत नाही; उलट त्याच्यावर विश्वास आहे म्हणूनच माणूस त्याचे सांगणे पाळतो. हे वाचताना मला वडिलांनी उघडलेली ती पत्र्याची पेटी आठवली.

गझाली याच्या वरच्या दोन पायऱ्याही सांगतात. एक, आईखेरीज कोणालाच न ओळखणाऱ्या तान्ह्या मुलाची. आणि दुसरी, मय्यतीला आंघोळ घालणाऱ्याच्या हातांतील देहाची, ज्याला स्वतःची काही हालचालच उरलेली नाही. त्या पायऱ्यांविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. मला पहिल्याच पायरीविषयी जाणत्यांकडून ऐकायचे आहे. सर्व काही बांधूनसवरून ठेवल्यानंतर जे हातचे गेले, त्याच्या पलीकडे भिस्त कशी टिकते?

वाटसरू

लेख मनापासून आवडला. मी वारकरी घरातला आहे, तेव्हा माझा प्रश्न बाहेरच्या माणसाचा समजावा. आमच्याकडे ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आळशी माणसासाठी वापरतात, आणि दुसरीकडे ‘जे प्रारब्धात असेल ते होईल’ असेही मनापासून म्हटले जाते. मुसलमान मित्रांच्या बोलण्यात मी ‘तकदीर’ हा शब्द नेहमी ऐकतो. सगळे आधीच लिहिलेले असेल तर दोन दोर लावण्याला तरी काय अर्थ उरतो? तकदीर आणि तवक्कुल या एकच गोष्टी आहेत का?

खाडीकाठची

वाटसरू, प्रश्न बाहेरचा अजिबात नाही. तो सहाबांमध्येच, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्यांमध्येच, आणि तोही अगदी बिकट प्रसंगी विचारला गेला होता.

इ.स. ६३८-६३९ च्या सुमारास शाम प्रांतात (आजच्या सीरियाच्या परिसरात) अमवासची प्लेगची साथ पसरली. खलिफा हजरत उमर (रजि.) त्या बाजूला निघालेले असताना सर्ग नावाच्या ठिकाणी त्यांना ही बातमी कळली. त्यांनी आधी मुहाजिरांना (मक्केहून मदिनेला आलेल्यांना), मग अन्सारांना (त्यांना आसरा देणाऱ्या मदिनावासीयांना) आणि शेवटी कुरैश टोळीतील वयोवृद्धांना बोलावून सल्ला घेतला. पहिल्या दोन गटांत मतभेद झाले, वृद्धांनी मात्र एकमताने परत फिरण्यास सांगितले, आणि हजरत उमर यांनी परतीचा हुकूम दिला. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, ‘अल्लाहच्या तकदीरपासून पळता?’ उमर म्हणाले, ‘होय, आम्ही अल्लाहच्या तकदीरपासून अल्लाहच्याच तकदीरकडे पळत आहोत.’ आणि त्यांनी दाखला दिला की तुझे उंट अशा दरीत उतरले जिची एक बाजू हिरवीगार आहे आणि दुसरी उजाड, तर तू त्यांना कोणत्याही बाजूला चारलेस तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच होईल. म्हणजे हिरव्या बाजूला उंट नेणारी तुझी बुद्धीही तकदीरच्या बाहेरची नाही. त्यानंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी प्रेषितांचे (स.) वचन सांगितले की ज्या मुलखात साथ असल्याचे ऐकाल तिथे जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे साथ आली तर तिथून पळून जाऊ नका.

माझ्या समजुतीप्रमाणे तकदीर हे अल्लाहचे ज्ञान आणि निर्णय आहेत. ते आपल्याला आधी दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या आधारे काम टाळण्याचा हक्क आपल्याला पोहोचत नाही. तवक्कुल ही मात्र माझ्या मनाची कृती आहे आणि तिची जबाबदारी माझ्यावर आहे. हजरत अबू उबैदा आपल्या लोकांबरोबर शाममध्येच राहिले आणि त्याच साथीत त्यांचा अंत झाला. परतणाऱ्या उमरची आणि थांबलेल्या अबू उबैदांची, दोघांचीही भिस्त अल्लाहवरच होती, असे मी मानते.

जुनी दौत

विषय गंभीरपणे मांडला आहे, म्हणून एक दुरुस्ती नोंदवतो. उंटाची हदीस (प्रेषितांच्या वचनाची परंपरेने आलेली नोंद) संग्राहक इमाम तिर्मिजी यांनी हजरत अनस (रजि.) यांच्याकडून नोंदवली असली, तरी त्या सनदीबद्दल (सांगणाऱ्यांच्या साखळीबद्दल) त्यांनीच ‘गरीब’ (एकाच मार्गाने आलेली) असा शेरा दिला आहे आणि हदीसचे जाणकार याह्या बिन सईद अल-कत्तान यांचे मत त्याहून कठोर असल्याचेही सांगितले आहे. इब्न हिब्बान यांच्या संग्रहात तिचा आशय दुसऱ्या मार्गाने येतो, त्यामुळे अनेक विद्वान ती स्वीकारतात. मात्र साऱ्या विषयाचा भार एकट्या तिच्यावर टाकण्याचे कारण नाही, कारण तोच अर्थ सांगणारे भक्कम आधार आहेत.

बुखारी या हदीससंग्रहात हजरत इब्न अब्बास (रजि.) यांचे कथन आहे की यमनचे लोक हजला येताना शिदोरी आणत नसत, ‘आम्ही तवक्कुल करणारे आहोत’ असे म्हणत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्यावर ‘शिदोरी बरोबर घ्या, आणि सर्वोत्तम शिदोरी तकवा (अल्लाहचे भय) आहे’ हे सूरह बकरामधील १९७वे वचन उतरले. नावाला अल्लाहवर आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच्या ताटावर भिस्त ठेवणे कुरआनने तवक्कुल मानलेले नाही.

आणि पक्ष्यांची हदीस, जी तिर्मिजींनी ‘हसन सहीह’ (विश्वसनीय) ठरवली आहे. तुम्ही अल्लाहवर जशी ठेवायला हवी तशी भिस्त ठेवली असती तर त्याने तुम्हांला पक्ष्यांसारखी रोजी दिली असती, जे सकाळी खपाटीला गेलेल्या पोटाने निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटाने परततात. या हदीसेचा आधार घेऊन काहींनी घरी बसण्याचे समर्थन केले आहे, पण तिच्यातली क्रियापदे पाहावीत. पक्षी ‘निघतात’ आणि ‘परततात’. घरट्यात बसून त्यांचे पोट भरल्याचे त्यात कुठेही नाही. त्यांच्याकडे साठवण नाही, एवढाच त्यांच्यात आणि आपल्यात फरक.

औषधपेटी

मी गेली अनेक वर्षे औषधांच्या दुकानात काम करते. ‘अल्लाह बरे करील’ म्हणून मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे औषध मध्येच सोडणारी माणसे मला दर महिन्याला भेटतात आणि त्यांतली काही पुन्हा भेटत नाहीत. ७०,००० लोक हिशेबाशिवाय जन्नतमध्ये जातील, ते रुक्या (मंतरणे) मागत नाहीत, डागून घेत नाहीत, शकुन-अपशकुन मानत नाहीत आणि आपल्या रबवर (पालनकर्त्यावर) भिस्त ठेवतात, ही बुखारी-मुस्लिममधील हदीस ते मला ऐकवतात. तिच्यात औषधाला मनाई नाही, हे त्यांना कसे पटवावे? ‘अल्लाहच्या बंद्यांनो, उपचार करा’ हेही प्रेषितांचेच (स.) वचन आहे.

वर गझालींचा उल्लेख आला आहे, म्हणून त्यांनी साधनांची केलेली वर्गवारी इथे मांडते, कारण मला ती दुकानातही उपयोगी पडली आहे. काही साधने निश्चित असतात, जसे तहानेला पाणी आणि भुकेला भाकरी. समोरचे अन्न तोंडात न घालता पोट भरण्याची वाट पाहणे याला ते तवक्कुल म्हणत नाहीत, आणि जीव जाण्याची भीती असताना ती साधने सोडणे तर हराम ठरवतात. काही साधने संभाव्य असतात, ज्यांत सर्वसाधारण वैद्यकीय उपचार येतात; ते घेतल्याने तवक्कुलला बाध येत नाही. आणि काही निव्वळ कल्पनेवर चाललेली असतात, ज्यांत ते डागणे आणि मंतरणे धरतात. खरी भिस्त ठेवणारा ती सोडतो. हजार वर्षांपूर्वी इन्सुलिन नव्हते, पण ज्याच्या शरीरात ते तयारच होत नाही अशा मुलाच्या बाबतीत मी ते पाण्याच्या आणि भाकरीच्या रांगेत बसवते.

दूरदेशी

मी महाड तालुक्यातला, सध्या आखातात. माझी तक्रार देवाविषयी नाही, माझ्या समजुतीविषयी आहे. काही वर्षांपूर्वी नोकरी बदलताना मी इस्तिखाराची (निर्णयाआधी अल्लाहकडे मार्गदर्शन मागण्याची) नमाज पढलो, दोन जाणत्यांना विचारले, करारपत्र वाचून घेतले आणि मगच होकार दिला. सात महिन्यांत ती कंपनी बुडाली आणि तीन पगार थकले. गावाकडचे कर्ज फेडायला चार वर्षे गेली. ‘जो अल्लाहचे भय बाळगेल त्याला तो मार्ग काढून देईल आणि कल्पनाही नसेल अशा ठिकाणाहून रोजी देईल, आणि जो अल्लाहवर भिस्त ठेवील त्याला तो पुरेसा आहे’ हे वचन मी त्या काळात रोज म्हणत होतो. कल्पनाही नसलेल्या ठिकाणाहून काहीच आले नाही. मग मी कुठे चुकलो?

खाडीकाठची

दूरदेशी, तुम्ही कुठे चुकलात असे मला वाटत नाही. तुम्ही सांगितलेले वचन सूरह तलाकमधले आहे आणि ते कुठे आले आहे हे पाहण्यासारखे आहे. आजूबाजूला तलाकचे नियम आहेत. इद्दतीचे (तलाकनंतर थांबण्याच्या मुदतीचे) दिवस मोजा, बाईला घराबाहेर काढू नका, दोन न्यायी साक्षीदार ठेवा, आणि पुढे तिच्या राहण्याची व खर्चाची जबाबदारी. संसार मोडत असताना, दोघांनाही उद्याची धास्ती असताना, समोरच्याचा हक्क बुडवून स्वतःची सोय करण्याचा मोह होतो, त्या क्षणी हे वचन सांगते की नियम पाळ, रोजीची चिंता अल्लाहवर सोड. म्हणजे ते सर्वप्रथम अन्याय न करण्याचे धैर्य देते. आणि ‘हस्बुहू’ या शब्दाचा अर्थ ‘तो त्याला पुरेसा आहे’ असा आहे. मागितलेली वस्तू ठरल्या मुदतीत मिळेल, असा करार त्या शब्दात नाही. इस्तिखाराच्या दुआतही आपण शेवटी हेच मागतो की भले जिथे असेल तिथे ते माझ्यासाठी ठरव आणि मग मला त्यावर राजी कर. राजी होणे वेगळे मागावे लागते, याचाच अर्थ ठरलेली गोष्ट मनाविरुद्ध असू शकते.

पगार थकले तरी तुम्ही कोणाचे कर्ज बुडवले नाहीत, चार वर्षे ते फेडत राहिलात. त्या वचनाचे उत्तर तुम्हांला कोणत्या रूपात मिळाले हे सांगणारी मी कोण, पण त्या काळात तुम्ही ते वचन पाळले होते एवढे मात्र दिसते.

सावली

मी आजवर इथे फक्त वाचत होते. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना तापाने गेला. दवाखाना, तपासण्या, दुआ, सदका (दान) यांत काहीही राहिले नव्हते. चाळिसाव्याला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी मला सांगितले की तुझे तवक्कुल कमी पडले, तू फार रडतेस, सब्र (धीर) करणाऱ्या बाया अशा रडत नाहीत. त्या वाक्यानंतर मी दोन वर्षे नमाजमध्ये काही मागितले नाही. पढत होते, पण मागत नव्हते. तुमच्या वडिलांचे आठ दिवसांचे मौन वाचले आणि लिहावेसे वाटले.

जुनी दौत

सावलीताई, त्या बाईंनी जे म्हटले त्याला ना कुरआनात आधार आहे ना सुन्नतमध्ये (प्रेषितांच्या आचरणात). प्रेषितांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहीम त्यांच्या हातांत प्राण सोडत होते तेव्हा त्यांचे डोळे वाहू लागले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांनी आश्चर्याने ‘आपणही?’ असे विचारले, तेव्हा ते म्हणाले की ही रहमत (दया) आहे; डोळे रडतात, अंतःकरण दुःखी होते आणि आम्ही तेच बोलतो जे आमच्या रबला आवडेल. आणि कुरआनात आलेली प्रेषित हजरत याकूब यांची हकिगत तर या धाग्याच्या मूळ प्रश्नाचेच उत्तर आहे. एक मुलगा आधीच गमावलेला, दुसऱ्याला इतर भावांबरोबर मिसरला (इजिप्तला) धाडताना त्यांनी सर्वांकडून अल्लाहच्या नावाने वचन घेतले, एकाच दरवाजाने शिरू नका, वेगवेगळ्या दरवाजांनी जा, असे बजावले आणि लगेच जोडले, ‘अल्लाहपुढे मी तुमच्या काहीही उपयोगी पडू शकत नाही; त्याच्यावरच मी भिस्त ठेवली आहे.’ एवढी काळजी घेऊनही तो मुलगा तिकडेच अडकला. त्यानंतर याकूब इतके झुरले की त्यांचे डोळे पांढरे पडले. मुलांनी टोकले तेव्हा त्यांचे उत्तर होते, ‘माझे दुःख आणि माझी व्यथा मी अल्लाहपाशीच मांडतो.’ कुरआन त्यांना कुठेही दोष देत नाही. दुःख मांडायचे ठिकाण त्यांनी बदलले नाही, यालाच मी त्यांचे तवक्कुल समजतो, आणि तुम्ही न मागताही दोन वर्षे नमाजला उभ्या राहिलात, तेव्हा ठिकाण तुम्हीही बदललेले नाही.

सावली

हे मी आज कितीतरी वेळा वाचले. ‘अल्लाहपाशीच मांडतो’ हे शब्द लिहून ठेवले आहेत. अल्लाह तुमचे भले करो.

वाटसरू

या चर्चेने मला माझ्या आजीची आठवण करून दिली. ती पांडुरंगाशी भांडत असे आणि पंढरपूरची वाट मात्र तिने कधी सोडली नाही. खाडीकाठची, शेवटी एकच विचारतो. वडिलांनी होडी पुन्हा बांधली का?

खाडीकाठची

बांधली. पंचनाम्याची भरपाई मिळाली ती पुरेशी नव्हती, म्हणून दोन हंगाम त्यांनी दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी म्हणून काम केले आणि २०२२ च्या नारळी पौर्णिमेनंतर स्वतःची होडी पाण्यात घातली. घरातून निघताना ते उंबऱ्यात थांबून ‘बिस्मिल्लाह, तवक्कल्तु अलल्लाह’ (अल्लाहच्या नावाने; अल्लाहवर मी भिस्त ठेवली) ही दुआ म्हणतात आणि त्याच्याही आधी हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर पाहतात. मी त्यांना हा धागा वाचून दाखवला. उहुदच्या तिरंदाजांच्या जागी ते बराच वेळ थांबले, मला परत वाचायला लावले आणि म्हणाले, ‘त्यांचाही सल्ला पुन्हा घ्यायला सांगितला, होय?’ पावसाळ्यात होडी वर ओढतात ती आता माडांपासून दूर, उघड्या वाळूवर ठेवतात, आणि दोर अजूनही दोनच लावतात.